नजर ६/६, तरी उसाची ट्रॉली दिसली नाही

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालवणारे सत्तर वर्षांचे गृहस्थ मुलाबरोबर माझ्याकडे डोळ्यांच्या तपासणीला आले. बाजारात आणि घरात त्यांना आप्पा म्हणतात. इथेही तेच म्हणू. ओळख पटेल असा बाकीचा तपशील बदलला आहे.

तक्रार आप्पांची नव्हती, मुलाची होती. डिसेंबरात तासगावकडच्या द्राक्षबागेतून आप्पा एकटेच गाडी चालवत परतत होते. कडुसं पडायची वेळ. समोरून पांढऱ्या प्रखर दिव्यांचा ट्रक आला, तो गेला, आणि पुढच्याच क्षणी उसाने लादलेली ट्रॉली अगदी नाकासमोर. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ब्रेक लागला, पण लोंबणारा ऊस बॉनेटवर घासलाच. कुणाला लागलं नाही. मुलाने निष्कर्ष काढून ठेवला होता : "आप्पांना मोतीबिंदू झालाय. ऑपरेशन करून टाका, म्हणजे विषय संपला." आप्पांचं म्हणणं नेमकं उलट : "मला दिसतंय की सगळं. सौद्यात हळकुंड मोडलं की अजून मी दर सांगतो. चूक त्या ट्रॉलीवाल्याची."

दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर होतं, आणि हे प्रकरण लिहायचं कारण तेच. उसाच्या हंगामात या भागात असे रुग्ण नेहमी येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना 'डोळे उत्तम आहेत' असं सांगून परत पाठवलं जातं, किंवा उलट, गरज नसताना शस्त्रक्रियेच्या यादीत टाकलं जातं.

विचारपूस

"दिसतं का?" या प्रश्नाला उत्तर 'हो' असंच येतं. म्हणून कधी, कुठे आणि किती वेळ, असं विचारत गेलो. मग एकेक बाहेर आलं. भावे नाट्यमंदिरात नाटक सुरू झाल्यावर पोचलं की खुर्ची सापडेना. आधी असं व्हायचं नाही. गडद निळे आणि काळे मोजे सकाळी ट्यूबलाइटखाली सारखेच वाटतात. हॉटेलात मेनूकार्ड वाचायला मोबाइलचा दिवा लावावा लागतो. जिन्याची शेवटची पायरी पावलाने चाचपावी लागते. लग्नाच्या गर्दीत ओळखीचा माणूस हाक मारतो, पण तो कुठे उभा आहे ते शोधायला वेळ लागतो. एकदा दिसला की चेहरा मात्र स्वच्छ.

ही यादी वाचून नेत्रवैद्यकातल्या कोणालाही पहिली शंका येते ती रातांधळेपणाची. 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता, यकृताचा किंवा आतड्याचा जुना आजार, डोळ्यामागच्या पडद्याचा (रेटिनाचा) आनुवंशिक विकार, यांपैकी कशाचाही इतिहास नव्हता. मधुमेह नाही. रक्तदाबाची एक गोळी, आणि तो ताब्यात. तंबाखू नाही. त्रास गेल्या सात-आठ वर्षांत हळूहळू वाढलेला, दोन्ही डोळ्यांत सारखा. हा मुद्दा मला तपासणीइतकाच महत्त्वाचा वाटतो. आजार सहसा एका डोळ्यात आधी शिरतो किंवा झपाट्याने वाढतो. वय दोन्ही डोळ्यांवर एकाच गतीने चालतं.

तपासणीत काय मिळालं

चष्म्यासह उजवा डोळा ६/६, म्हणजे सामान्य नजरेला सहा मीटरवरून दिसतं तेवढं सहा मीटरवरून दिसतं; डावा ६/६ पण शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलं. डोळ्यातला दाब १४ आणि १५, म्हणजे सामान्य. डोळ्याच्या नसेचं तोंड निरोगी. पडद्याच्या मध्यबिंदूवर पिवळसर ठिपके नाहीत. ओसीटी या प्रकाशाने पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये ते वयाला शोभतील असे. दृष्टिक्षेत्रात कुठेही खड्डा नाही. चौकटीच्या जाळीवर सगळ्या रेघा सरळ. डोळ्यांच्या आतली दोन्ही भिंगं किंचित पिवळी पडलेली, म्हणजे मोतीबिंदूची नुसती चाहूल. बाहुली मंद उजेडातही जेमतेम साडेतीन मिलिमीटर उघडत होती. शेजारी बसलेल्या एकेचाळीस वर्षांच्या मुलाची साडेपाच.

इथे बहुतेक फायली बंद होतात. पुढच्या दोन चाचण्यांना यंत्रही लागत नाही, तरी त्या फार कमी ठिकाणी होतात.

पहिली पेली-रॉब्सन तक्त्याची. नेहमीच्या तक्त्यात अक्षरं लहान होत जातात. १९८८ साली आलेल्या या तक्त्यात अक्षरं मोठीच राहतात, फक्त फिकट होत जातात. आप्पांचा आकडा १.५०, मुलाचा १.८०. हे मोजमाप लघुगणकी आहे. म्हणजे मुलाला जेवढी फिकट छटा कळते, तिच्या दुप्पट गडद झाल्यावर ती आप्पांना कळते. दुसरी चाचणी : डोळ्यासमोर काळपट फिल्टर धरून तोच जुना तक्ता वाचायला लावला. ६/६ वाचणारे आप्पा ६/१२ वर अडकले.

आणखी एक शंका मनात ठेवून काही गोष्टी करून घेतल्या. काही जणांचा डोळा शाबूत असतो, पण मेंदूचा मागचा भाग झिजू लागलेला असतो. १९८८ साली फ्रँक बेन्सन यांनी वर्णन केलेल्या या आजारात माणूस अक्षरं वाचतो, पण चित्रातल्या वस्तू ओळखता येत नाहीत, एका नजरेत एकच गोष्ट दिसते. आप्पांनी घड्याळाचं चित्र नीट काढलं, एकावर एक रेखाटलेली चित्रं वेगळी ओळखली, आणि नाणी हातात घेण्याआधीच सांगितली. ती शंका सोडली.

निदान म्हणून कागदावर लिहिलं : निरोगी वार्धक्यातील दृष्टी, सुरुवातीचा मोतीबिंदू, मंद उजेडात आणि झगमगाटात लक्षणीय अडचण. मुलगा नाराज झाला. निरोगी म्हणायचं आणि अडचणही लिहायची, हे त्याला पटेना.

बाहुलीपासून पडद्यापर्यंत

आधी उजेड आत किती पोचतो ते पाहू. वयानुसार बाहुली लहान होते, भिंग पिवळं आणि दाट होतं. साठीतल्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेड पडतो. जो पोचतो त्यातलाही काही भाग भिंगात विखुरतो आणि सगळ्या चित्रावर पांढरट पडदा ओढतो. हा विखुरलेला उजेड चाळिशीपर्यंत जवळपास स्थिर असतो, पासष्टीच्या सुमारास दुप्पट होतो आणि पंचाहत्तरी ओलांडली की तिप्पट. ट्रकचे दिवे समोर असताना आप्पांना ट्रॉली का दिसली नाही, याचा पहिला भाग एवढ्यात आला.

पण ट्रक गेल्यावरही ती लगेच दिसली नाही. तिथे पडद्याकडे यावं लागतं.

एका डोळ्याच्या पडद्यात सुमारे बारा कोटी दंडपेशी आणि साठ लाखांच्या आसपास शंकूपेशी असतात. शंकूपेशी भरपूर उजेडात काम करतात, रंग आणि बारकावा त्यांच्याकडे. अंधूक उजेड दंडपेशींचा. ख्रिस्टीन कर्सिओ आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली दान केलेल्या नेत्रांमधल्या पेशी मोजल्या. मध्यबिंदूवरच्या शंकूपेशी म्हातारपणीही जवळजवळ तेवढ्याच होत्या. दंडपेशी मात्र चौतिशी ते नव्वदीच्या दरम्यान पडद्याच्या मध्यभागातून सुमारे तीस टक्के कमी झाल्या होत्या, आणि तेही पडद्याला कोणताही रोग नसताना. आप्पांचं हळकुंड आणि आप्पांची ट्रॉली यांचा उलगडा या एका निरीक्षणात बराचसा होतो. सौदा दिवसा, उघड्यावर, हातभर अंतरावर होतो. तो शंकूपेशींचा प्रांत आहे. तिन्हीसांजेचा रस्ता दंडपेशींचा.

संख्येपेक्षा मला वेग जास्त छळणारा वाटतो. प्रखर उजेड पडला की दंडपेशीतलं रंगद्रव्य विरतं आणि ते पुन्हा भरायला 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक रेणू लागतो. तो पडद्यामागच्या पेशीथराकडून मिळतो, आणि त्या थराचं रक्तातलं रसद-पाणी एका पातळ पापुद्र्यातून झिरपत येतं. वयानुसार या पापुद्र्यात चरबी साचते, तो जाड होतो, झिरप मंदावते. रक्तात 'अ' जीवनसत्त्व पुरेसं असूनही पेशीपर्यंत उशिरा पोचतं. म्हणून गाजरं खाऊन यात फरक पडत नाही, हे आप्पांच्या घरी स्पष्ट सांगावं लागलं. तिथे गाजराचा रस सुरूही झाला होता. १९९९ सालच्या एका मोजमापात सत्तरीतल्या निरोगी लोकांना प्रखर उजेडानंतर अंधाराला पूर्ण सरावायला विशीतल्यांपेक्षा दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला. नाट्यमंदिरातली खुर्ची का सापडत नाही, ते यावरून लक्षात येईल.

पडद्यातून निघणाऱ्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. तेही वर्षागणिक थोडे गळतात. आप्पांच्या स्कॅनमध्ये तो थर वयाच्या मर्यादेत होता, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

डोक्याच्या मागच्या बाजूला

डोळ्याचं काम इथे संपतं, दिसण्याचं संपत नाही. नसेतून आलेला संदेश डोक्याच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात जातो. निरोगी म्हातारपणात तिथल्या पेशी फारशा मरत नाहीत. बदलतं ते त्यांचं वागणं. तरुण माकडात यातली एक पेशी उभ्या रेषेला जोरात प्रतिसाद देते, आडवीला जवळजवळ नाही. ऑडी लेव्हेंथाल यांच्या गटाने २००० साली म्हाताऱ्या माकडांमध्ये पाहिलं, तर पेशींची ही निवड सैल झालेली, आणि समोर काही नसतानाही त्या जास्त कुरकुरत होत्या. हे आप्पांना मी त्यांच्याच धंद्यातून सांगितलं : सौद्यात प्रत्येक ढिगाला प्रत्येक जण बोली लावू लागला, तर आवाज वाढतो, पण खरा गिऱ्हाईक कोण ते कळत नाही. ते हसले. पुढचं सगळं त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

या सैलपणामागे गाबा नावाच्या द्रव्याचा हात असावा. शेजारच्या पेशीला गप्प बसवण्याचं काम ते करतं. २००३ साली याच गटाने म्हाताऱ्या माकडांच्या दृष्टिकेंद्रात पेशीजवळ गाबा सोडलं आणि तेवढ्या वेळापुरती निवड पुन्हा धारदार झाली. माणसांच्या मेंदूतलं गाबा बाहेरून मोजणाऱ्या अभ्यासांचे निकाल मात्र एका दिशेचे नाहीत. काहींत ते वयानुसार कमी, तर काहींत जास्तही आढळलं. तेव्हा माकडाचं चित्र माणसाला जसंच्या तसं चिकटवू नये. बाजारात मिळणाऱ्या गाबाच्या गोळ्यांचा या प्रयोगाशी संबंध जोडणं ही तर निव्वळ विक्रीची भाषा आहे.

गप्प बसवणारा हात सैल झाल्याचा एक गमतीदार परिणाम माणसांतही दिसला. ठळक आणि मोठी आकृती कुठल्या बाजूला सरकतेय हे ओळखायला तरुणांना वेळ लागतो, कारण त्यांचा मेंदू मोठ्या एकसारख्या पार्श्वभूमीची हालचाल दाबून टाकतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००५ साली हीच चाचणी घेतली, तेव्हा वयस्कांनी ती तरुणांपेक्षा लवकर ओळखली. ऐकायला बरं वाटतं, पण रस्त्यावर हे महागात पडतं. पार्श्वभूमी दबली नाही की तिच्यातून वेगळी हलणारी छोटी गोष्ट उठून दिसत नाही.

पुढच्या पायऱ्यांवरही असंच पसरट होतं. चेहरे, जागा, शब्द यांना वाहिलेले मेंदूतले भाग तरुणांत चोख वेगळे असतात. वयस्कांत ते एकमेकांच्या कामात लुडबुड करतात, असं डेनिस पार्क यांच्या गटाने २००४ साली मेंदूच्या प्रतिमांवरून दाखवलं. त्याच वेळी कपाळामागचा भाग जास्त राबताना दिसतो, बहुधा मागची उणीव भरून काढायला. अनुभवी माणूस पुष्कळदा यामुळेच चुकत नाही. पण विचार करून बघायला वेळ लागतो, आणि ताशी साठ किलोमीटरने गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते.

मेंदूच्या बाजूने एक सांगायलाच हवं. भिंग इतकं पिवळं होऊनही आप्पांना पांढरं धोतर पांढरंच दिसतं. मेंदू वर्षानुवर्षं हिशोब दुरुस्त करत आलेला असतो. मोतीबिंदू काढल्यावर कित्येकांना सगळं निळसर वाटतं आणि ते हळूहळू, कधी कधी काही महिन्यांनी, ओसरतं, ते या दुरुस्तीमुळेच. निळ्या-काळ्या मोज्यांपाशी मात्र ही सोय तोकडी पडते. पिवळ्या भिंगाने निळा उजेड मुळात आत सोडलेलाच नसतो; नसलेल्या मालाचा हिशोब मेंदू करणार कसा?

मुलाला पटवणं

दुसऱ्या भेटीत बाहुली मोठी करणारं औषध न घालता दोघांना शेजारी बसवलं. खोलीत लख्ख दिवा, दोघांनी पांढऱ्या भिंतीकडे थोडा वेळ पाहिलं, मग दिवा बंद आणि एका कोपऱ्यात अगदी मंद उजेड. समोरच्या टेबलावर पुठ्ठ्याचे काही आकार ठेवले होते. मुलगा लगेच सांगू लागला. आप्पा गप्प. मुलाने दोनदा विचारलं, "आप्पा, समोरच आहे, दिसत नाही?" काही मिनिटांनी आप्पांनी सगळे आकार बरोबर सांगितले.

ही शास्त्रीय चाचणी नव्हे. अंधार-सराव मोजायचं खरं यंत्र वेगळं असतं. पण वडील हट्टाने खोटं बोलत नाहीत आणि त्यांना काही झालेलंही नाही, हे मुलाला रिपोर्टवरून कळलं नव्हतं, ते अंधारात बसून कळलं.

काय केलं, काय केलं नाही

शस्त्रक्रिया केली नाही. भिंग अजून इतकं खराब नव्हतं की काढल्याने मोठा फायदा होईल. लख्ख उजेडातली फिकट छटांची अडचण बरीचशी भिंग-बाहुलीमुळे असते. अंधारातली संवेदना कमी होते ती भिंग-बाहुलीचा वाटा वजा केला तरी उरते, आणि ती उजेडातल्या संवेदनेपेक्षा जवळपास दुप्पट वेगाने घसरते. नवं भिंग नव्या दंडपेशी देत नाही.

पडद्यासाठीच्या जीवनसत्त्व-खनिजांच्या कॅप्सूल बंद केल्या. शेजाऱ्याच्या सल्ल्याने आप्पा त्या महिनाभर घेत होते. २००१ सालच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत अशा मिश्रणाचा उपयोग दिसला तो पडद्याचा वार्धक्यजन्य ऱ्हास मध्यम अवस्थेला पोचलेल्यांना. निरोगी पडद्याला तो रोग होऊ नये म्हणून त्या घ्याव्यात, असा त्याचा अर्थ नाही. रात्री गाडी चालवायचे पिवळे चष्मे मुलाने ऑनलाइन मागवले होते. २०१९ साली सिम्युलेटरवर केलेल्या एका अभ्यासात असे चष्मे घालून पादचारी लवकर दिसले नाहीत. आधीच कमी उजेड आत जातोय, त्यात आणखी गाळण लावून काय साधणार?

केलं ते साधंच होतं. जुन्या चष्म्यात पाऊण नंबराचा तिरपा दोष राहून गेला होता. तो काढला आणि काचांना परावर्तन रोखणारा लेप दिला. जिना उतरताना दोन-तीन भागांच्या काचेतून पाऊल धूसर दिसतं, म्हणून घराबाहेर चालायला फक्त लांबचा वेगळा चष्मा. गाडीची पुढची काच आतून पुसून घ्यायला लावली. आतला तेलकट थर कुणाच्या लक्षात येत नाही आणि झगमगाट तोच वाढवतो. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला उठून दिसणारी पट्टी, संडासाच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा. मोजे दिवसा निवडून ठेवायचे. हळदीचा नमुना ट्यूबलाइटखाली बघायचा नाही. हे आप्पा कधीच करत नव्हते, सांगितल्यावर त्यांनाच हसू आलं.

वाद झाला तो गाडीवरून. मी सुचवलं की सूर्यास्तानंतर स्टिअरिंग सोडायचं, निदान उसाचा हंगाम संपेपर्यंत तरी. आप्पांनी परवान्याचा मुद्दा काढला. नूतनीकरणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात डॉक्टरला विचारलेलं असतं की चांगल्या दिवसाच्या उजेडात पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का. आप्पांना येते. "मग कायद्याने मी बसतोय ना?" बसतात. त्यांच्याशी मी त्यावर वाद घातला नाही. इतकंच म्हटलं की कागदातला उजेड दिवसाचा आहे आणि ट्रॉली संध्याकाळची होती. माझ्या मते साठीनंतरच्या नूतनीकरणात फिकट छटांची एक चाचणी असायलाच हवी. तक्ता भिंतीवर लावायला खर्च फारसा नाही.

तोडगा आप्पांनीच काढला. बागेत सकाळी जायचं आणि चारच्या आत निघायचं. फवारणीमुळे उशीर झालाच तर बागेतला माणूस गाडी चालवेल, आप्पा शेजारी बसतील.

नंतर

सहा महिन्यांनी ते एकटेच आले. तक्त्यावर ६/६, फिकट अक्षरांवर पुन्हा १.५०. कुठलाच आकडा हलला नव्हता, तरी अडचणी निम्म्यावर आल्याचं त्यांचं म्हणणं होतं. नवीन चष्म्याने दिव्यांभोवतीचं तेजोवलय कमी झालं, आणि नाटकाला ते आता घंटेआधी पोचतात. गाडी सोडल्याचा राग मात्र शाबूत होता.

डोळे किंवा मेंदू घासूनपुसून तरुण करता येतात का, असं त्यांनी विचारलं. मेंदूच्या बाजूला थोडा वाव आहे. अमेरिकेतल्या एका दीर्घ चाचणीत नजरेचा वेग वाढवायचा सराव दिलेल्या वयस्कांच्या हातून, स्वतःच्या चुकीने होणारे अपघात पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास घटले. तो सराव संगणकावर, देखरेखीखाली झालेला होता. मोबाइलवरचे 'मेंदूचे खेळ' त्याच्या जागी धरता येत नाहीत. आप्पांना रस वाटला नाही.

पुढची तपासणी वर्षाने. अंधाराला सरावायला लागणारा वेळ अचानक आणखी वाढला, तर ते पडद्याच्या ऱ्हासाचं पहिलं लक्षण असू शकतं. म्हणून दरवर्षी बाहुली मोठी करून पिवळे ठिपके शोधायचे. सरळ रेघ वाकडी दिसली, एका डोळ्यापुढे काजवे चमकून काळे ठिपके आले, किंवा एका बाजूचं दिसेनासं झालं, तर वर्षाची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. भिंग पुढे आणखी दाटलं की शस्त्रक्रिया होईलच. तेव्हा दिव्यांचा झगमगाट कमी होईल, मोज्यांचा निळा रंग परत दिसेल, पण अंधाराला सरावायला लागणारी ती मिनिटं तशीच राहतील. हे मुलाला फोनवर आत्ताच सांगून ठेवलं आहे.